फुलांच्या ओळीतलं पॉलिशचं दुकान

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या ओट्यासमोर फुलवाल्यांची ओळ आहे. त्यातल्या खुशालरावांच्या हातचे हार मी आयुष्यभर गळ्यात घातले. झेंडूत मधूनच शेवंती ओवावी ती त्यांनीच. रंगभूमी सुटल्यावरही कुणी सत्कार केला की मी आधी हाराला नाक लावून बघायचो, खुशालरावांचा आहे का ते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याविषयी गोड असं फारसं येणार नाही.

त्यांचा भाचा मनोज त्यांच्याच दुकानात वाढला. लग्नसराईत नवरदेवाच्या गाड्या सजवायचं काम त्याचं. बॉनेटवर माळा पसरायच्या आणि टेपनं दाबून चिकटवायच्या. पण आमच्याकडच्या उन्हात टेप गाडीवर भाजून निघतो. फुलं ओरबाडली की चिकट पट्टे तसेच राहतात. मग मालक यायचे आणि शिव्या मनोज खायचा.

एकदा तो माझ्यापाशी येऊन बसला. "काकाजी, नाटकातल्या मिशा तुमी कायनं काढत होते?"

"खोबरेल तेलानं, बाबा. हळूहळू. ओढली की कातडी गेली." तेल्हाऱ्याच्या प्रयोगानंतर आमच्या सेनापतीनं घाईत मिशी ओढली होती आणि पुढच्या मुक्कामी अंजनगावला सेनापती सुजलेल्या ओठानं, बिनमिशीचा लढला. ती हकिकत मी त्याला साभिनय सांगितली. तो हसला, पण तेलाचं नीट लक्षात ठेवून गेला.

पुढे अमरावतीला एका वर्कशॉपमध्ये राहून तो पॉलिश शिकला. परत येऊन त्यानं फुलांच्या ओळीतल्याच मायच्या टिनाच्या शेडमध्ये दुकान थाटलं. गाडी धुलाई, पॉलिश. इथवर सगळं ठीक होतं. पण पाटीवर त्यानं खाली आणखी एक ओळ रंगवून घेतली: 'लग्नात लागलेले टेपचे डाग काढून मिळतील.'

खुशालराव हातातला हार टाकून उठले.

"काहून बे, माह्या दुकानाच्या बाजूले माह्याच कामाची बदनामी लावतं?"

"मामा, तुमचं नाव कुठी लिवलं?"

"मंग या ओळीत गाड्या सजवते कोन? तुहा बाप?"

मनोजचा बाप वारलेला होता. तिथून पुढे बोलणंच राहिलं नाही.

शेडच्या फाटकात मग दोन ठेले उभे राहू लागले. एक खुशालरावांचा, फुलांचा. दुसरा भाजीचा, आणि तो मनोजच्या सख्ख्या मायचा, पार्बताबाईचा. विधवा झाल्यावर तिला उभं केलं ते भावानं, हे ती विसरली नव्हती. "भावाचं नाक कापून मले घास जात नाही," ती म्हणाली आणि वांग्यांच्या टोपल्या मांडून बसली.

गिऱ्हाईक यायचं, हॉर्न वाजवायचं. फुलवाले म्हणायचे, "या ना साहेब, गाडी डोक्यावर घ्या अन् जा अंदर." गिऱ्हाईक वळून जायचं. सकाळी उंबऱ्यावर सडक्या फुलांचा ढीग असायचा. मनोज तो झाडायचा आणि झाडता झाडता मामाच्या ठेल्याखाली लोटायचा. तोही काही गरीब गाय नव्हता.

मी म्हटलं, "अरे, ती ओळ तेवढी पुसून टाक."

"खोटं लिवलं काय, काकाजी?"

"खरं आहे, म्हणून तर लागतं."

"मंग लागू द्या."

असं चाललं तर दुकान दिवाळीपर्यंत टिकणार नाही, हे त्यालाही दिसत होतं.

अशात खुशालरावांच्या लेकीचं, शकुनचं लग्न झालं. नवरदेवाची भाड्याची गाडी खुशालरावांनी स्वतः सजवली, भाच्याला दाखवून, टेपवर टेप लावून. भर उन्हात गाडी मंडपाबाहेर उभी होती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी फुलांच्या ओळीत येऊन थांबली. बॉनेटवरचा रंग पट्ट्यापट्ट्यानं सोलून निघाला होता. ड्रायव्हर श्याम रडवेला झाला होता. गाडीच्या अमरावतीच्या मालकानं त्याला सांगितलं होतं, चूक कोणाची ते कळल्याशिवाय कामावर येऊ नको. सोबत शकुनचा दीर होता, घुश्शात.

खुशालरावांनी स्वतःच्या हातानं दोन्ही ठेले ढकलले आणि गाडी आत घेतली. मग मनोजला माझ्या ओट्याच्या आडोशाला ओढलं. मी तिथंच बसलो होतो. म्हाताऱ्याला कोण मोजतो?

"म्हन, रंग पहिलेच उडेल होता. पोरीच्या सासरी माही इज्जत राहते. ठेले आज हटले ते हटले समज."

"अन् डायवर?"

"तो तुहा कोन लागते?"

मनोज गाडीपाशी गेला. त्यानं बॉनेटवर बोटं फिरवली, पट्टीची कड नखानं उचलून पाहिली. ओळीतलं सगळं काम थांबलं. भरल्या नाट्यगृहातसुद्धा अशी शांतता मला क्वचितच मिळाली.

"चिकटा निघते," तो दिराला म्हणाला. "रंग नाही येत. तो टेपसंगंच गेला, कालच. डायवरची काही चूक नाही."

खुशालराव ओट्याच्या आडून पुढे आले. "आजपासून मी तुहा मामा नाही."

"मायले इचारून घ्या," मनोज म्हणाला. "ते तुमच्या-माह्या हातात नाही."

पार्बताबाई टोपल्यांमागे उभी राहून सगळं ऐकत होती. गाडी गेली तसे दोन्ही ठेले पुन्हा फाटकात आले, आणि खुशालरावांनी आपल्या ठेल्याला साखळी घालून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक लहान गाडी येऊन हॉर्न वाजवू लागली. फुलवाल्यांनी हसायला तोंडं उघडली, तोच पार्बताबाईनं आपला ठेला भिंतीकडे ढकलला. त्यापायी दोन टोपल्या उतरवाव्या लागल्या.

"पार्बते, ठेला काहून हटवला?" खुशालराव ओरडले.

"वांग्याले ऊन लागून राह्यलं होतं."

"येवढ्या सकाळचं?"

ती भाजीवर पाणी मारत राहिली. मनोज बाहेर येऊन हातानं खुणा करत गाडी आत घेऊ लागला. मायकडे पाहायची त्याची हिंमत नव्हती आणि त्याच्याकडे पाहायची तिची इच्छा नव्हती. गाडी आणि टोपली यांच्यात जेमतेम चार बोटांचं अंतर उरलं.

"टोपलीले धक्का लागला तं पाह्य मंग," ती गाडीवाल्याला म्हणाली.