ॲल्युमिनियमची कावेरी

सासूबाई मला शिवत नसत. रागाने नव्हे, सोवळ्यामुळे. पण नव्याने सासरी आलेल्या मुलीला हा फरक कोण समजावणार? माहेरी तिरुविडैमरुदूरला मी आईच्या कुशीत झोपणारी, आणि इथे कुंभकोणमला पहाटेपासून नैवेद्य होईपर्यंत माझ्या वाऱ्यालाही कुणी उभं राहायचं नाही. काही द्यायचं झालं तर सासूबाई ते जमिनीवर ठेवत आणि मग मी उचलत असे. वाटेत उभी असले तर लाकडी पाटाच्या कडेने मला बाजूला सारत, वासराला सारावं तसं. दुपारी सोवळं सुटे, पण तोवर त्या थकून आडव्या झालेल्या असत. त्यांनी एकदा तरी माझ्या पाठीवरून हात फिरवावा, एवढीच माझी हाव होती.

पहिल्या नवरात्रात मला संधी दिसली. आमच्या शेजारच्या तमिळ घरांसारखाच आम्ही मराठी लोकही कोलू मांडत असू, म्हणजे पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या. खालच्या अंगाला छोटं कुंभकोणम करायचं: देवळं, पेरलेल्या भाताचे हिरवे कोंब, आणि गावातला महामहमचा पवित्र तलाव म्हणून पाण्याने भरलेली पितळी परात. वरून खाली येणारी कावेरी दरवर्षी निळ्या चिंधीची असायची म्हणे, आणि दरवर्षी चिंधीच दिसायची. यंदाची कावेरी मी करणार म्हणून मी जाहीर करून टाकलं.

चहाच्या खोक्याच्या आत लावलेला ॲल्युमिनियमचा पातळ कागद माझ्या दिराने दुकानातून मागून आणला. तसली वस्तू घरात कुणी पाहिली नव्हती. एक बारीक तुकडा कापून मी त्याचं एक टोक निरांजनावर धरलं, तर लगेच दुसऱ्या टोकाला बोट पोळलं. खाली ठेवला, तर फुंकर घालायच्या आत गार! तवा तापायला आणि निवायला किती वेळ घेतो, आणि हे पाहा. येईल त्याला मी हा खेळ दाखवला, आणि उरलेल्या कागदाची कावेरी वरच्या पायरीपासून परातीपर्यंत सोडली. उष्णता इतक्या चटकन पळवणारा कागद वीजही तशीच पळवील, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वीज आमच्या गल्लीत नुकती कुठे आली होती. तिचे गुण कळायला तिच्याशी दोन दिवस संसार तर व्हायला हवा.

मामंजींना ती आपल्याच कर्तबगारीने आली असं वाटे. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला त्यांना कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते दिव्यांवर सोडत. कोलूवर रंगीत दिवे त्यांनी स्वतः लावले. तारा पिळून जोडल्या, वर चिंध्या गुंडाळल्या आणि म्हणाले, "झालं! कंपनीचा माणूस कशाला हवा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बटणापाशी उभे राहिले. सासूबाई रेशमी सोवळं नेसून नैवेद्याची पानं मांडत होत्या. मी नुकतीच फरशी पुसली होती आणि ओल्या हातांनी परातीतलं पाणी सारखं करायला वाकले. मामंजींनी बटण दाबलं. तारांच्या जोडावरची चिंधी सरकलेली होती आणि उघडी तार माझ्या चकचकीत कावेरीला टेकली होती. कावेरी थेट परातीत उतरत होती.

हात परातीला चिकटला. सोडवेना. ओरडायचं होतं, पण जबडा आवळलेला. मला दिसत होतं सगळं, मामंजी कौतुकाने दिव्यांकडे बघत होते तेही.

सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं. दुसरी कुणी असती तर धावत येऊन मला मिठीच मारली असती, आणि आम्ही दोघी तिथेच राहिलो असतो. पण ओवळ्या माणसाला हात लावायचा नाही हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी समोरचा पाट उचलला आणि त्याच्या कडेने माझ्या मनगटावर असा काही तडाखा हाणला की मी भिंतीपर्यंत फेकली गेले. ज्या सोवळ्याला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालत होते, त्यानेच मला जगवलं. त्या कोरड्या लाकडाचे उपकार मी कुठे फेडू?

"बंद करा ते!" त्या मामंजींवर ओरडल्या. तसं ओरडणं त्या घराने त्याआधी ऐकलं नव्हतं.

दिवे विझले. तार टेकली होती तिथे कागदाला करपलेलं भोक पडलं होतं. सासूबाई पाट टाकून धावल्या, ओल्या फरशीवर बसल्या आणि माझं डोकं त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. "कण्णा, डोळे उघड गो, माझ्याकडे बघ," म्हणत माझे हात चोळायला लागल्या. कण्णा हा लाडाचा तमिळ शब्द त्या फक्त पोटच्या मुलांसाठी वापरत. मी डोळे उघडले आणि हमसून रडले. हाताच्या कळांनी नव्हे.

मामंजी पांढरेफटक पडले होते. बटणावरचा हात न काढताच म्हणाले, "अगो, सोवळं मोडलं की तुझं! नैवेद्याचं कसं?"

"देवी थांबेल," माझ्या केसांतून हात फिरवत सासूबाई म्हणाल्या, "ही थांबली नसती."

त्या दिवशी देवी तिसऱ्या प्रहरी जेवली, आणि तोवर मी त्या रेशमी मांडीवरून हलले नाही.