धूर दिसला पाहिजे

आयुष्यभर घरांना चुना लावला, पण माणसाला एकालाही नाही. हा माझा ठरलेला विनोद. तो ऐकून हसणारी माणसं हळूहळू कमी झाली, कारण सिमेंट आलं आणि चुना म्हणजे पानाला लावायचा, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मी गवंडी. बापही गवंडी, अलिबागकडचा. चुना दळायची घाणी, गुळाचं पाणी, विटांची भुकटी यातच मी लहानाचा मोठा झालो. पोटासाठी भाईंदरला आलो तेव्हा पूर्वेला चाळी उभ्या राहायला लागल्या होत्या आणि सगळीकडे सिमेंटच सिमेंट. मीही ते काम केलं, पोट कुणाला चुकलंय. पण जुन्या घराचं काही निघालं की मुकादम मला शोधत यायचे. "तो खडूस मिस्त्री बघा," म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

चाळीतल्या एका खोलीत मी एकटा राहायचो. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. दुसरं लग्न कर म्हणून गावाहून निरोप यायचे, मग तेही थांबले. माझ्या भिंतीपलीकडे एक उत्तरेकडचा भय्या राहायचा. कारखान्यात त्याची कायमची रात्रपाळी. माझी उठायची वेळ ती त्याची झोपायची. आमच्या दोघांत एक भिंत सामाईक, पण बोलणं म्हणजे नळावर "पानी आया?" एवढंच. रविवारी काम नसलं की अख्खा दिवस मी कुणाशी बोलत नसे, आणि संध्याकाळी दुकानात बिडी मागताना माझाच आवाज मला परका वाटायचा. फार एकटं वाटायचं. तेव्हा हे मी मेलो तरी कुणाला सांगितलं नसतं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. पाऊस संपला होता, दसरा होऊन गेला होता. उत्तनहून निरोप आला की एका जुन्या ख्रिस्ती घराचं धुराडं बिघडलंय, चुन्याचं काम येणारा माणूस हवाय. सायकल काढली आणि गेलो. समुद्राच्या अंगाला एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना कौलारू घरं, दारात सुकत घातलेले बोंबील. त्यातल्या एका घराच्या मागच्या बाजूला कौलांतून विटांचं चौकोनी धुराडं वर आलं होतं. घरात एकटी म्हातारी. सगळी गल्ली तिला बाय म्हणायची, मीही बायच म्हणायला लागलो.

"धूर घरात येतंय, भायेर न्हाय जात," ती म्हणाली. "डोळं फुटायची पाळी आली."

मी चुलीखाली वाकून वर पाहिलं. कुणातरी अर्धवटाने मधे कधीतरी सिमेंट फासलं होतं. धुराड्याचं काम सिमेंटला झेपत नाही. वीट तापली की फुगते, निवली की बसते. चुना तिच्याबरोबर तापतो, तिच्याबरोबर निवतो, नवराबायकोसारखा सांभाळून घेतो. सिमेंट हट्टी. ते जागचं हलत नाही, मग वीट तडकते. इथे दोन बाजूंना हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या आणि आत काजळीचा थर.

तेवढ्यात ओट्याच्या कोपऱ्यात मला एक नवाकोरा स्टोव्ह दिसला. मुलगा आखातात नोकरीला होता, त्याने पाठवलेला. त्यावरचा कागदसुद्धा निघाला नव्हता.

"बाय, हा असताना धुराड्याचा खटाटोप कशाला?" मी विचारलं. "एकट्या माणसाचा तो स्वयंपाक केवढा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी येडपटासारखं बोललोय. "स्टोचा धूर कोनाला दिसतंय? सकाळी धूर दिसला म्हंजे गल्लीला कळतंय, बाय जिती हाय. न्हाय दिसला, तर कोन तरी येल बगायला. मना येकटीला पडून न्हाय ऱ्हायचा मिस्त्री. येवढाच."

आणि ते खरंच तसं होतं, हे मला त्या गल्लीत काम करता करता कळलं. तिथे कुणी कुणाला "कशी आहेस" विचारत नसे. "धूर हाय ना?" असं विचारायचे. ताप आला, पाय मुरगळला, मन नाराज असलं, सगळ्याला तोच प्रश्न. उत्तरही ठरलेलं, "हाय." सकाळी दार उघडलं की बायका आधी समोरच्या कौलांकडे बघायच्या, मग विहिरीकडे वळायच्या.

मी काम घेतलं. कौलांच्या वरचं धुराडं पार उतरवलं, एकेक वीट खाली सोडली. टोपली मी दोरीने सोडायचो, खाली बाय ती रिकामी करायची आणि विटांवरचं सिमेंट कोयत्याच्या पाठीने झोडपायची. शिंपल्यांचा भाजलेला चुना आणला, पाण्यात विझवला, मुरत ठेवला. मग विटांची भुकटी, गुळाचं पाणी घालून मळायचा. गुळाचा खर्च पाहून तिला संशय आला.

"गूल तू खातंस का धुराडा खातंय?"

"अर्धा अर्धा," मी म्हणालो. त्यावर ती इतकी हसली की टोपलीतून वीट सांडली. माझ्या विनोदावर कुणी हसल्याला बरेच दिवस झाले होते, म्हणून मी दिवसभर आणखी चार विनोद केले. ते काही जमले नाहीत.

चुन्याला घाई चालत नाही. रचून झालं की ओली पोती टाकून ठेवायची, रोज पाणी मारायचं, आणि सावकाश घट्ट होऊ द्यायचं. मधे विस्तव लावला तर सगळं मुसळ केरात. तिला स्टोव्हवर शिजवायला लागायचं, आणि ती रोज चिडचिड करायची. तिची चिंता मला कळत होती. धूर नाही म्हणजे ती गल्लीच्या लेखी नाहीच. पण समोरच्या घरात तिच्या बरोबरीची एक म्हातारी होती, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. तिने तोडगा काढला. सकाळ झाली की दारात उभी राहून ती गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायची, "धूर न्हाय! पन तू हाय ना गो?"

आतून बाय ओरडायची, "हाय!"

मी लवकर आलो तर कौलांवर बसून हे ऐकायचो. पहिल्यांदा हसू आलं. नंतर हातातली थापी तशीच राहायची. मी सकाळी उठून सायकल काढून निघतो, त्याआधी मेलो असतो तर कुणाला कधी कळलं असतं? मुकादमाला वाटलं असतं, खडूस दुसरीकडे गेला कामाला. भय्याला वास आल्यावर कळलं असतं. असले विचार मी सहसा करत नाही, पण उंचावर बसलेल्या माणसाला दुसरं काम नसतं.

आतल्या बाजूने मी चुना आणि शेणाचा गिलावा केला, बापाने शिकवलेला, तळहाताने घोटून गुळगुळीत. धूर कुठे अडकू नये म्हणून कोपरे गोल केले. तोंडाशी थोडं निमुळतं केलं. जीव ओतून काम केलं म्हणतात, तसं. मग एका सकाळी बायने छातीवर क्रुसाची खूण केली आणि चूल पेटवली.

धुराड्याने असा काही धूर ओढला की मी स्वतःच चाट पडलो. चुलीतला जाळ सरळ उभा राहिला, घरात धुराचं नाव नाही. बाय आनंदाने चुलीपुढे बसून राहिली. मी छाती पुढे काढून बिडी शिलगावली. इतक्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि समोरची म्हातारी धापा टाकत आत आली. पदर खाली, पायात काही नाही.

"काय झाला गो? चूल पेटवते म्हनालीस, धूर कुठं हाय?"

आम्ही तिघंही अंगणात गेलो. धुराड्याच्या तोंडातून नुसती हवा थरथरत होती. जाळ इतका साफ लागला होता की धूर दिसतच नव्हता.

दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. मी मात्र पेटलो. चांगलं काम केलं तर हसतात म्हणजे काय! बाय मला म्हणाली, "मिस्त्री, चांगला केलास, पन लय चांगला केलास. आता बिगडव थोडा."

"मी काम बिघडवत नाही," मी म्हणालो. "तोडायचं असेल तर दुसरा आणा."

तिने माझ्या रागाला भीक घातली नाही. घरात गेली, सोललेल्या नारळाची ओली सोडणं आणली आणि जाळावर ठेवली. बघता बघता दाट पांढरा धूर निघाला, वर जाऊन समुद्राकडे वळला. समोरची म्हातारी "हाय हाय" म्हणत परत गेली. त्या दिवसापासून बाय रोज स्वयंपाक झाला की चुलीवर ओली सोडणं रचून ठेवायची. ती दिवसभर धुमसायची. त्या दुपारी तिने मला तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण वाढलं, आणि मी राग विसरून चार भाकऱ्या खाल्ल्या.

पुढे दरवर्षी पाऊस संपला की मी धुराडं बघायला जायचो. बघण्यासारखं काही नसायचं, काम दगडासारखं बसलं होतं. कौलांवर चढायचो, एखादी नसलेली भेग शोधायचो, खाली यायचो. बाय विचारायची, "येवढा येळ कुठं व्हतास?" मला तो प्रश्न आवडायचा. त्या काळात मला असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. एका वर्षी मी दिवाळीच्या आधी आणि नंतर असा दोनदा गेलो. तिला कळलं असणार.

मग एका वर्षी गेलो, तर घराला कुलूप. धुराडं तसंच ताठ उभं. समोरची म्हातारी दारात बसली होती. मला बघून तिने तोंडाला पदर लावला.

बाय ऐन पावसाळ्यात गेली होती. सकाळी स्वयंपाक केला, चुलीवर सोडणं रचली, आणि तिथेच कोसळली. धुराडं आपलं काम करत राहिलं. पाऊस थांबला होता, वारा नव्हता, धूर सरळ वर चढत होता. गल्लीतल्या बायकांनी वर बघितलं आणि आपापल्या कामाला गेल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, बाय दारात आली नाही, तेव्हा कुठे ही म्हातारी आत गेली.

"मी दोनदा बगला रे," ती म्हणाली. "सकाली बगला, दुपारी बगला. धूर व्हता. मंग कशाला जाऊ?"

डॉक्टर म्हणाला होता की तशीही वाचली नसती. पण तिला मरणाची भीती नव्हती, एकटीने पडून राहायची होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला त्या धुराड्याचा इतका राग आला की वर चढून पहार घालावीशी वाटली. मग त्या म्हातारीकडे पाहिलं. आता तिच्या समोरच्या घरावर बघायला काहीच उरलं नव्हतं. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो आणि बराच वेळ रडलो. बायको गेली तेव्हाही मी असा चारचौघांत रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना मी भय्याच्या दारावर थाप मारली. तो नुकताच पाळी करून आलेला, डोळे लाल.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं. मैं उठ गया, बस ये बताने आया."

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. रात्रीची उतरली नाही असं त्याला वाटलं असावं. "ठीक है," म्हणाला आणि दार लावून घेतलं. मी पुढल्या सकाळीही गेलो, त्याच्या पुढल्याही. तो वैतागायचा, शिव्या पुटपुटायचा. मी आपला सांगून निघून जायचो.

हिवाळ्यात एकदा मला ताप भरला. सकाळ होऊन गेली तरी उठवेना. पडल्या पडल्या बाहेर नळावरची भांडणं ऐकत होतो. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"अरे मिस्त्री! उठा क्या?"

तोंडापर्यंत आलेलं उत्तर मी गिळलं. मला ती हाक आणखी एकदा ऐकायची होती. त्याने दुसऱ्यांदा थाप मारेपर्यंत मी गप्प पडून राहिलो.