मुक्या उतरणाऱ्या गाड्या

आंबेनळी घाटात रस्त्याच्या कामावर असलेली बनुबाई न ऐकलेल्या कागदावर अंगठा उठवत नसे. हजेरीपट असला तरी मुकादमाने आधी तिचं नाव आणि दिवस मोठ्याने वाचून दाखवायचे. त्याने घाई केली की ती हात पदराखाली घ्यायची. मुकादम वैतागायचा, पण वाचायचा.

हे तिचं पहिल्यापासूनचं नव्हतं. ती कुडपण गावची. लग्न होऊन घाटाच्या पायथ्याला आली. नवरा महिपत मैलकुली होता. घाटातले चार मैल त्याच्या ताब्यात. गटारं मोकळी ठेवायची, खड्डे बुजवायचे, ढासळलेल्या कठड्याचे दगड पुन्हा रचायचे. छप्पन सालच्या श्रावणात जांभळीच्या वळणावर तो कठडा लावत होता. वरून कोळशाच्या पोत्यांनी भरलेली लॉरी आली ती थांबलीच नाही. कठडा, महिपत आणि लॉरी, तिन्ही खाली गेले.

तिसऱ्या दिवशी लॉरीमालकाचा कारकून घरी आला. हळहळला, पाणी प्याला आणि कागद पुढे करून म्हणाला, "मदतीचा अर्ज आहे, बाई. अंगठा करा." बनुबाईने केला. दोन महिन्यांनी कळलं, त्या कागदात लिहिलं होतं की मयत इसम दारू पिऊन रस्त्याच्या मधोमध बसला होता. महिपतच्या गळ्यात माळ होती. आयुष्यात त्याने थेंबाला शिवलं नव्हतं.

मुकादमाने तिला नवऱ्याच्याच मैलांवर रोजंदारीने घेतलं. जांभळीच्या वळणावरचे दगड आता ती रचू लागली.

बासष्ट साली घाटात एका वर्षात तीन गाड्या पडल्या, तेव्हा सरकारने एक समिती नेमली. त्यात सरकारचे साहेब होते आणि लॉरीमालकांच्या संघाचे लोकही होते. दोघांनी मिळून घाटाच्या वाहतुकीचे नियम ठरवायचे. जीप जांभळीच्या वळणावर थांबली. अलिबागहून आलेले मोठे साहेब उतरले, महाडचे लॉरीमालक रावजीशेट उतरले आणि मागून मोजमापाची टेप घेऊन ओव्हरसियर रिसबूड उतरले.

"बाई, गाड्या इथेच का पडतात?" साहेबांनी विचारलं.

"मला काय म्हायत, सायेब? मी दगड लावते."

दुपारी सगळे झाडाखाली जेवायला बसले. डबे रावजीशेटच्या घरचे होते. बनुबाई लांबून बघत होती. सोबतच्या गोदूबाईला ती हळूच म्हणाली, "ज्याचं जेवण, त्याचंच बोलणं. बग तू."

खरं तर तिला सगळं ठाऊक होतं. सहा वर्षं रस्त्याकडे पाठ करून दगड लावताना तिचे कान तयार झाले होते. चढणारी गाडी कण्हत जायची. नीट उतरणारी गाडी गिअरमध्ये गुरगुरत यायची. काही गाड्या मात्र मुक्या यायच्या. इंजिन बंद, नुसता टायरांचा सळसळाट. अशा गाडीला आवरायला ब्रेकशिवाय काही नसतं, आणि अर्धा घाट उतरेस्तोवर ब्रेक तापून निकामी होतात. पडलेल्या गाड्यांतली एकही गुरगुरत आलेली नव्हती.

पण हे सांगायचं कुणाला? तिचा धाकटा भाऊ दत्ताराम रावजीशेटच्याच लॉरीवर ड्रायव्हर होता. त्या रविवारी तो आला तेव्हा तिने सरळ विचारलं, "तू बी इंजिन बंद करून उतरतोस ना रे?"

दत्ताराम आधी हसला, मग खाली बघू लागला. "शेट म्हनतो, जो तेल वाचवील त्याला दिवाळीला बक्षीस. ज्याचं जास्ती जळंल त्यानं घरी बसायचं. सगळेच बंद करतात गो बाय. पण माझं नाव कुठं घेऊ नको."

"मी कुनाचंच नाव घेत नाय," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात समितीने गाड्यांची परीक्षा घेतली. आदल्या दिवशीच सगळ्या ड्रायव्हरांना निरोप गेला होता. त्या दिवशी एकेक लॉरी अशी गुरगुरत उतरली की डोंगर घुमला. ब्रेक तपासले, ठीक निघाले. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. रावजीशेट म्हणाले, "गाड्या उत्तम आहेत, साहेब. ड्रायव्हर लोक बेफिकीर. दोघाचौघांचे परवाने रद्द केलेत की सुतासारखे सरळ येतील." बनुबाईने तोंडाला पदर लावला.

चार दिवसांनी रिसबूड पुन्हा आले, एकटेच. एसटीने आले आणि फाट्यापासून दोन मैल चालत वर चढले. बनुबाईने टोपली खाली ठेवली नाही.

"बाई, त्या दिवशी तुम्ही हसलात. का?"

"शेटला सांगून आलाव?"

"नाही."

"मोठ्या सायबाला?"

"त्यांनाही नाही."

तिचा विश्वास बसला नाही. हा कोवळा माणूस शेटनेच पाठवला असेल, गोड बोलून नाव काढून घेईल, असं तिला वाटलं. तिने त्यांना तिथेच उन्हात बसू दिलं. दुपार झाली. रिसबूड बसून राहिले. त्यांनी स्वतः आणलेली भाकरी फडक्यातून सोडून खाल्ली, तेव्हा ती जवळ आली.

"रस्त्याकडं पाठ करा आनि आयका."

पहिली लॉरी गुरगुरत गेली. थोड्या वेळाने दुसरी आली ती रिसबुडांना कळलीच नाही. पाठीमागून वारा अंगावर आला तेव्हा ते दचकून उभे राहिले. खालच्या ओहोळापाशी लॉरी थांबली. ड्रायव्हरने चाकावर बादलीभर पाणी ओतलं, तशी तापल्या तव्यावर ओतल्यासारखी चर्र करून वाफ उठली.

"इंजिन बंद होतं?" रिसबुडांनी विचारलं. "कुणाची गाडी ही?"

"नंबर मला वाचता येत नाय. आला असता तरी सांगितला नसता." मग तिने तेलाच्या बक्षिसाचं सांगितलं. "डायवराचं नाव लिवाल तर मी तुमच्याशी बोललेच नाय. बक्षीस देतो त्याचं लिवा."

महिनाभराने तिला महाडला समितीपुढे बोलावलं. तिने उमरठच्या शाळेतले सहदेव मास्तर बरोबर नेले. कारकुनाने तिच्या जबानीचा कागद पुढे केला आणि शाईची डबी उघडली. तिने कागद मास्तरांकडे दिला.

मास्तरांनी वाचलं, "घाट उतरताना इंजिन बंद करण्याची काही चालकांना वाईट सवय आहे, असे मी पाहिले आहे."

"सवय?" बनुबाई म्हणाली. "आनि बक्षीस कुठं हाय?"

मास्तरांनी कागद उलटून पाहिला. बक्षीस कुठेच नव्हतं. रिसबूड खाली मान घालून बसले होते. त्यांनी लिहिलेली ओळ कुणीतरी काढली होती. कुणी, ते कुणी सांगेना.

रावजीशेट समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, आम्ही आमच्या माणसांना बक्षीस द्यावं की न द्यावं, ही आमच्या घरातली गोष्ट आहे."

"माझा दादला घरात मेला नाय, शेट. रस्त्यावर मेला."

तिने हात पदराखाली घेतला. "त्ये लिवा, मंग अंगठा."

मोठ्या साहेबांनी मास्तरांकडून कागद घेऊन रिसबुडांपुढे सरकवला. म्हणाले, "लिहा." आणि रावजीशेटकडे वळून, "तुमच्या मागणीप्रमाणे वळण रुंद करायला सरकारने खर्च करायचा असेल, तर तुमच्या संघाचीही सही या कलमाखाली लागेल." शेटनी सही केली. पेन इतकं दाबून चालवलं की कागद फाटायचा राहिला. नव्याने लिहिलेला कागद मास्तरांनी दोनदा वाचला. मग बनुबाईने अंगठा उठवला.

नियम झाले. तेलाचं बक्षीस बंद. पोत्यांना मर्यादा. गाडी गिअरमध्ये ठेवा म्हणून घाटमाथ्यावर पाटी. ओहोळापाशी चाकं निववायला जागा.

पंधरा दिवसांनी दत्तारामला कामावरून काढलं. बनुबाईने नाव घेतलं नव्हतं, पण रस्त्याच्या कामावरची बाई कुणाची बहीण, हे शोधायला शेटला कितीसा वेळ लागणार? दत्ताराम कुडपणला जाऊन नाचणीच्या शेतात राबू लागला. भाऊबीजेलाही आला नाही. बनुबाई ओवाळणीचं ताट तयार करून संध्याकाळपर्यंत बसली आणि मग उठून चुलीकडे गेली. भावासाठी रिसबुडांना पत्र लिहून घ्यावं म्हणून ती मास्तरांकडे गेली, तर रिसबुडांचीच बदली झाल्याचं कळलं. वर्षभराने दत्ताराम एसटीत लागला आणि एकदा बस थांबवून तिच्या हातात केळ्यांची फणी देऊन गेला.

जांभळीचं वळण रुंद झालं. पुढची दोन वर्षं तिथला कठडा पडला नाही.

एकदा रावजीशेटची मोटार तिथे थांबली. काच खाली करून ते म्हणाले, "काय बाई, आता तरी खूश ना? सरकारनं आणि आम्ही मिळून तुझा घाट सुधारला."

बनुबाईने कुदळ टेकवली. "दोन पावसाळं झालं, शेट. धा होऊ देत."

शेट हसले. काच वर गेली. आभाळ भरून आलं होतं आणि वरच्या मोरीत पाला अडकून पाणी तुंबत होतं. बनुबाई ते मोकळं करायला गेली.