अकरावं पोस्टकार्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगावं असं जवळ कुणी नव्हतं, हे एक. आणि जे होते त्यांना सांगायची — जाऊ दे, हिंमत नव्हती, सरळ तेच म्हणतो.

सत्तरच्या दशकात आमची एक फिरती वही होती. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची तेरा माणसं. खडेबाजारात राहणारे निवृत्त मास्तर, आम्हा सगळ्यांचे आप्पा, वहीत एक प्रश्न लिहून ती पोस्टानं एकाकडे पाठवत. त्यानं आपलं मत लिहायचं, वही आप्पांकडे परत करायची, मग आप्पा ती पुढच्याकडे धाडत. आम्ही बाकीचे एकमेकांना कधी भेटलेलो नव्हतो. सगळ्यांचे पत्ते फक्त आप्पांपाशी. मी टिळकवाडीत एका खोलीत राहणारा कारकून. जेवताना बोलायलासुद्धा माणूस नाही. वही आली की चार दिवस घरात पाहुणे असल्यासारखं वाटायचं.

त्या वहीत निपाणीच्या सुशीलाआक्का होत्या. विड्या वळायच्या, शाळा सातवीपर्यंत. एकदा प्रश्न होता, घरात शेवटी कोण जेवतं आणि का. मी चार पानं लिहिली — चांगली लिहिली, असं मला वाटत होतं. त्यांनी खाली एवढंच लिहिलं, ‘वाढणारीला समद्यांची भूक ठावं असती. तिची कुणी इचारत न्हाय.’ पुढच्या फेरीत जो तो त्या दोन ओळींवर लिहीत सुटला. माझ्या चार पानांबद्दल अवाक्षर नाही. आणि हे एकदाच झालं असतं तर? दर फेरीला तेच. जळलो का मी? हो, चांगलाच जळलो.

पुढं आप्पांची नजर गेली. ते कोल्हापूरला मुलीकडे निघाले, वही माझ्या हवाली केली आणि पत्त्यांचा कागद हातात देऊन म्हणाले, सगळ्यांना तुझा पत्ता कळव, एकही माणूस सुटता कामा नये. मी त्याच दिवशी पोस्टकार्डं घेऊन बसलो. अकरा लिहायची होती. दहा लिहिली. अकरावं समोर होतं, निपाणीचा पत्ताही समोर होता. विसरलो म्हणू का? विसरलो नव्हतो. ते कोरं कार्ड मी कपाटात ठेवून दिलं.

कुणी कुणी वहीत विचारलं, आक्का कुठं आहेत? मी लिहिलं, त्यांना आता सवड होत नाही. सगळ्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

वर्षभरानं एका रविवारी दुपारी दार वाजलं. पन्नाशीची बाई, हातात कापडी पिशवी. आप्पांनी जाताना खडेबाजारातल्या घराखालच्या दुकानदाराकडे माझा पत्ता ठेवला होता, त्यानं तो दिला, म्हणाल्या. नाव सांगितलं. वही आत टेबलावर उघडी पडली होती. मी दार अडवून उभा राहिलो.

“अण्णा, वहीचं काय झालं वो?”

“बंद पडली,” मी म्हणालो. “आप्पा कोल्हापूरला गेले तेव्हाच.”

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग हसल्या. “बरं झालं, इचारायला आलतो ते. मला वाटलतं, मीच कायतरी वंगाळ लिवलं.”

निपाणीहून एवढ्यासाठी आलेल्या बाईला मी साधं पाणी विचारलं नाही. गाडीची वेळ झाली म्हणून त्या गेल्या.

त्यानंतर वही दोन फेऱ्या चालली. दुसऱ्या फेरीत माझ्या मजकुराखाली कुणीच काही लिहिलं नाही. वही नुसतीच दहा घरं फिरून आली. मग मीही ती पाठवली नाही. ती माझ्याकडेच आहे. ते कोरं कार्ड तिच्यात आहे, आणि निपाणीचा पत्ता मला अजून पाठ आहे.

त्यांनी काहीही वंगाळ लिहिलं नव्हतं. हे एवढं एक वाक्य मला दारात म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.