वरची तळी

मला लिहिण्याचा सराव नाही. संग्रहालयात भांडारपाल होतो. लिहिलं ते नोंदवहीत, एका वस्तूला एक ओळ. काचवाल्यांना एक ओळ पुरणार नाही, म्हणून हा खटाटोप. कितपत जमेल, शंकाच आहे.

काचवाले, हे नाव आम्हीच पाडलेलं, आमच्याकडे मागच्या खोलीत एकटे दगड घासायचे. जुन्या जात्याची कपची कापायची, काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि केसाहून पातळ होईपर्यंत घासायची. मग काळाकुट्ट दगडसुद्धा उजेड आत घेतो. ज्वालामुखीचे दगड वरून सगळे सारखे. पण भिंगाखाली एका डोंगराचा दगड दुसऱ्याशी जुळत नाही. त्यावरून ते जात्याचा डोंगर सांगायचे. खोलीत ओल, दगडाचा राखाडी चिखल आणि यंत्राची घरघर. लग्न केलं नव्हतं. डबासुद्धा यंत्राकडे तोंड करूनच खायचे.

जुन्या बंदराच्या उत्खननात साठ जाती सापडली होती. विद्यापीठातल्या एक बाई त्यांच्यावर पुस्तक लिहीत होत्या. काचवाल्यांनी एकोणीस वर्षं खपून निकाल दिला : सगळी जाती गावामागच्या डोंगरातली, बाहेरून एकही आलेलं नाही. त्यावर पुस्तकात एक प्रकरण झालं आणि बाईंनी ते स्वतःच्या आणि काचवाल्यांच्या नावाने छापायचं ठरवलं.

फोन माझ्या टेबलावर असायचा आणि काचवाल्यांच्या थोरल्या बहिणीचा आवाज खणखणीत. त्यामुळे न ऐकायचं ठरवलं तरी ऐकू यायचं.

"ताई, माझं नाव छापून येतंय."

"अरे वा! आता तरी कळेल, आमचा धाकटा करतो काय ते. मी आपली सगळ्यांना सांगते, फरशीचं दुकान आहे त्याचं."

ते हसले. पुढे ताई दर महिन्याला विचारायची, "आलं का रे पुस्तक?" एरवी तिचा फोन वर्षातून एकदा.

पुस्तक छपाईला जायच्या बेतात असताना दालनाचं रंगकाम काढलं. हलवाहलवीत एका जात्याची बोराएवढी कपची उडाली. शिपायाने ती आणून दिली, मी काचवाल्यांकडे चिकटवायला पाठवली. चिकटवण्याआधी त्यांनी तिचा तुकडा कापून पाहिला. हातच तसे त्यांचे.

दुसऱ्या दिवशी ते भांडाराच्या दारात उभे. "ही कपची कितव्या जात्याची?"

"बेचाळीस."

"बेचाळीस मी पाहिलंय. त्यात काड्यांसारखे पांढरे कण आहेत. हिच्यात सगळे गोल आणि रंगीत. हा आपला डोंगर नव्हे."

"तुमच्याकडे खालच्या दगडाची, खालच्या तळीची आली असेल. ही वरच्या तळीची."

"दोन्हींना एकच नंबर?"

मी जुनी नोंदवही उघडली. नोकरीला नवा असताना मीच एका जोडीला एक नंबर दिला होता. अखंड होत्या त्या वरच्या तळ्या दालनात मांडल्या, फुटक्या खालच्या भांडारात राहिल्या. त्यांनी तुकडा मागितला की मी हाताशी असलेल्या तळीचा देत गेलो. त्यांना वाटलं, अख्खं जातं पाहिलं. त्यांनी पाहिली होती साठ अर्धी जाती.

त्यांनी आणखी तीन वरच्या तळ्या तपासल्या. तिन्ही परक्या.

"वरची फिरून फिरून आधी झिजते," ते म्हणाले. "मग गलबतावरून आलेली नवी घेत असतील. हा दगड भोकाभोकांचा आहे. झिजला की आतली भोकं उघडतात, धार जात नाही."

"म्हणजे नवरा गावातला, बायको परमुलखातली," शिपाई म्हणाला.

मी त्यांना बाजूला घेतलं. "आता गप्प राहिलात तर कुणाच्या बापाला कळणार नाही. कोण कापून बघतंय?"

"मी बघितलंय की."

बाईंनी काचा पाहिल्या, दोनदा पाहिल्या. "काका, प्रकरण काढावं लागेल. नवं लिहायचं तर दोन वर्षं जातील. प्रकाशक थांबायचा नाही."

"काढा."

"पण अशी चूक झाली कशी?"

मी तिथेच उभा होतो. काचवाले म्हणाले, "तळी कुठली ते मी विचारायला हवं होतं." नंबराचं त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. ते आज इथे लिहितो आहे.

पुस्तक आलं. त्याच आठवड्यात ताईचा फोन.

"ताई, माझं प्रकरण नाही त्यात. चुकीचं होतं."

"कोणी काढली चूक?"

"मीच."

"गाढवा, तुलाच बरी सापडली!"

मग ते बोलत राहिले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. छप्पन्न वरच्या तळ्या राहिल्यात, त्या कुठल्या डोंगराच्या ते शोधायचंय, समुद्रापलीकडचे नमुने मागवावे लागतील. पलीकडून खणखणीत आवाज येईना. बऱ्याच वेळाने त्यांनी रिसीव्हर कानापासून काढून पाहिला.

"कट झाला वाटतं."

"परत लावून देऊ?"

"नको. कामात असेल ती." रिसीव्हर त्यांनी हळूच ठेवला. "त्रेचाळीसची वरची तळी देता काढून?"

मी दालनाच्या किल्ल्या घेतल्या.