दादाची गूळतुला

“देवीनं आयकलं, पन फळी काय आयकत नाय,” माझ्या मागे कोणीतरी पुटपुटलं.

फळीच्या एका टोकाला दोराच्या झोळीत माझा दादा बसला होता, दुसऱ्या टोकाला गूळ. दोघेही जमिनीवर टेकले होते.

मी मॅट्रिकला होते तेव्हाची गोष्ट. आदल्या वर्षी दादाला टायफॉइड झाला, तेव्हा आईने घणसोलीच्या गावदेवीला नवस केला होता: पोरगा उठू दे, त्याच्या भारंभार गूळ वाहीन. दादा तेव्हा काडीसारखा होता. तो उठला, आणि पुढे वर्षभर आईने त्याला भात, सुकट आणि तांदळाच्या भाकऱ्या घातल्या. गूळ मात्र तिने ती काडी नजरेसमोर ठेवूनच आणला.

आता दादाचं लग्न ठरत होतं. नवस फिटल्याशिवाय बोलणी पुढे न्यायची नाहीत, असं आईचं म्हणणं. त्यामुळे मुलीचे वडील ऐरोलीहून मुद्दाम आले होते. “आजारातून उठल्यापासून कसातरी दोन घास खातो,” असं आईने त्यांना सांगून ठेवलं होतं.

देवळापुढच्या चिंचेला बाबांनी जुन्या होडीची लांब फळी मधोमध दोर बांधून टांगली होती. आडवी, रुंद बाजू वर. वजन पडताच तिची दोन्ही टोकं धनुष्यासारखी खाली आली होती.

“दोन्ही खाली. म्हंजे सारखंच हाय,” बाबा म्हणाले.

“दोगांनी जमीन सोडाय पायजे,” पुजारी म्हणाले. “देवीचं काम हाय, अंदाजानं नाय चालत.”

दोर आखडून पाहिले. फळी करकरली आणि तेवढीच आणखी वाकली.

मग काकांनी दादाच्या बाजूच्या टोकाखाली एक लांबलचक, बारीक बांबू उभा केला. (म्हणजे दादाला आता बांबू तोलणार होता, पण हे कोणी बोललं नाही.) बांबूने क्षणभर विचार केला, एका अंगाला पोट काढलं आणि सटकला, तो मुलीच्या वडिलांची टोपी घेऊन.

“लागलं तर नाय ना, पावणं?” काकांनी विचारलं.

“डोकं हाय जाग्यावर. टोपी बगा.”

ठाण्याच्या इंग्रजी शाळेत सिस्टरनी आम्हाला पट्टी घेऊन दाखवलं होतं: आडवी धरली की वाकते, कडेवर उभी धरली की तीच पट्टी वाकता वाकत नाही. कारणसुद्धा मला पाठ होतं, पण इंग्रजीत. आणि चार पुरुषांत बोलायचं तर मला कुठल्याच भाषेत जमत नसे. मी बाबांची बाही ओढली. तळहात आडवा धरला, मग कडेवर उभा केला.

“कुनाला मारायचं हाय?” बाबांनी विचारलं.

मी फळीकडे बोट दाखवून पुन्हा हात फिरवला. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि फळी कडेवर उभी करून बांधली.

फळी तसूभरही वाकली नाही. गूळ सरळ वर गेला आणि पुजाऱ्यांच्या छातीशी जाऊन थांबला. दादा होता तिथेच राहिला.

“दोन घास,” मुलीचे वडील टोपी झटकत म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग दादाने.

“शिकलेली हाय ना,” बाबा म्हणाले, “आता फुडं काय करायचं ते बी सांग.”

सगळे माझ्या हाताकडे बघत होते. हातांनी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. चार माणसांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“बाबा,” मी म्हणाले, “फळी पुन्हा आडवी करा.”