तीन दारांची कोपी

रॉकेट पेन्सिलीसारखंच का असावं, हे मला कधी पटलं नाही. घराण्यातली पहिली पदवी मी आणली, तीही फिजिक्सची, आणि त्यानंतर सीताफळाच्या आकाराचं रॉकेट केलं, मग पाण्याच्या तांब्याच्या आकाराचं. दोन्ही उडाली. खोटं कशाला सांगू, तांब्या जरा वाकडा गेला. आत जळणारी दारूची मोटर तेवढी तयार मागवायची. बाकी सगळं पुठ्ठा, डिंक आणि माझं डोकं.

यंदा ठरवलं, कोपी उडवायची. आष्टीकडच्या आमच्या गावातली निम्मी माणसं दसरा झाला की ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत कोपीत, उसाच्या पाचटाच्या शंकूसारख्या झोपडीत, राहतात. माझं निम्मं बालपण तिच्यातच गेलं. आईनं माझं एकही रॉकेट पाहिलं नव्हतं. मी कॉलेजच्या मैदानावर उडवायचे तेव्हा ती उसाच्या फडात असायची. यंदा ऊसतोड्यांच्या टोळीचा ट्रक निघायच्या आत तिला दाखवायचंच, एवढं पक्कं होतं.

पुठ्ठ्याचा शंकू करून त्यावर वाळलेलं पाचट चिकटवलं. आईनं तो हातात घेऊन फिरवून बघितला.

"ही कोपी न्हाई. कडब्याची गंज हाय."

"कावून?"

"दार कुठंय? माणसानं आत शिरावं कुठून?"

"आई, ह्यात माणूस न्हाई बसत."

"मग कोपी म्हणू नको."

बरोबर होतं तिचं. मी दार कापलं, वर चिंधीचा पडदासुद्धा लावला. एकाच बाजूला भोक पाडलं की वारा रॉकेटला फिरवणार, हे मला कळायला पाहिजे होतं. पण कोपीला दार एकच असतं, हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं, की दुसरं काही सुचलंच नाही.

निघायच्या दिवशी सकाळी माळावर बटण दाबलं. कोपी लिंबाच्या उंचीएवढी गेली, दाराच्या अंगाला कलंडली आणि बाभळीत घुसली. टोळीचा मुकादम ट्रकची वेळ सांगायला आलेला. तो पोट धरून हसला.

"डिग्री घिऊन कोप्याच बांधायच्या व्हत्या, तर फडावर चल की! तिथं जागा लई हाय."

आई पदराला हात पुसून भाकरी बांधायला घरात गेली. ट्रक संध्याकाळी निघणार होता आणि माझ्याकडं मोटर एकच उरली होती.

बाभळीतून काढलेल्या कोपीचं दार बुजवलं असतं तर भागलं असतं. बुजवलं नाही. हट्ट म्हणा. वारा सगळीकडून सारखा लागावा म्हणून उरलेल्या अंगांना, सारखं अंतर ठेवून, तेवढीच आणखी दोन दारं कापली. पडदा काढला. जळू नये म्हणून खालच्या कडेचं पाचट सोललं. शेंड्यात मातीचा गोळा बसवून डोकं जड केलं आणि दोरीला बांधून गरगर फिरवून पाहिली. शेंडा पुढंच राहिला.

ऊन कलताना ट्रक भरला. गाठोडी, पत्रे, वर शेळ्या.

"आई, माळावर चल."

"ट्रक सुटंल गं."

"सुटू दे. मागनं मी आणून सोडते तुला."

ती आली. मुकादम हॉर्न वाजवत होता. मी बटण दाबलं.

कोपी सरळ गेली. पाचटाच्या काड्या गळत होत्या, पण ती हलली नाही की डुलली नाही. वर शेंडा उघडला, आत घडी करून ठेवलेली पातळ पिशवीची छत्री फुलली आणि कोपी तिला लटकत खाली येऊन बुडावर नीट उभी राहिली. फडावर असते तशी.

आई वाकून भोवती फिरली.

"तीन दारं? कुठूनबी वारा शिरंल की गं पोरी."

"उडायचं म्हणलं की तीन लागतात."

तिनं कोपी उचलली, ट्रकमध्ये चढली आणि मांडीवर घेऊन बसली. मुकादम बघत होता. त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "फडावर दावते समद्यांना. पण दोन दारं बुजवून घेते, थंडीत बरं दिसत न्हाई."

"बुजव," मी म्हटलं. "पुढच्या कोपीला मी तीनच पाडणार."